आंब्याचा पाउंड केक खाली गिच्च राहतो? आधी रस बघा, ओव्हन नंतर

मे महिना लागला की मला एकाच तक्रारीचे फोन येतात. "वरून काय सुंदर फुलला होता, कापला तर खाली गिच्च!" कधी धाकटी जाऊ, कधी सोसायटीतल्या काकू, कधी पुण्याहून भाची. साधा व्हॅनिला केक यांच्या हातून कधी फसत नाही. आंब्याचा रस घातला की फसतो, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तसाच फसतो. डोंबिवलीच्या माझ्या स्वयंपाकघरात मी गेले दहा उन्हाळे हा केक करते आहे. माझा आणि इतरांचा मिळून हा एकच बिघाड इतक्या वेळा निस्तरलाय की फोनवर कोणता प्रश्न आधी विचारायचा तेही आता ठरून गेलंय. त्याच क्रमाने इथे लिहिते. आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या, मग थोड्या खर्चाच्या, ओव्हन सगळ्यात शेवटी. बरेच जण उलटीकडून सुरुवात करतात. दोन केक फसले की नवा ओव्हन घ्यायला निघतात आणि तिसरा केक नव्या ओव्हनमध्ये फसतो.

लक्षणं नीट ओळखा

केक मधोमध उभा कापा आणि उजेडात धरा.

- बुडाशी अर्धा-एक सेंटिमीटरचा गडद, चकचकीत, रबरासारखा पट्टा आणि त्याच्यावरचा भाग व्यवस्थित: रसातलं पाणी, किंवा घोटताना फुटलेलं मिश्रण.
- कडा करकरीत, वर मोठा तडा, आणि गाभ्यात चक्क ओलं पीठ: ओव्हन जास्त तापतोय किंवा टिन चुकलंय.
- ओव्हनमध्ये छान फुगला आणि बाहेर काढल्यावर मधे खळगा पडला: बेकिंग पावडर जास्त, किंवा केक लवकर काढला.
- सगळाच केक बसका, तेलकट, कागदाला तुपाचे डाग: लोणी फार मऊ झालं होतं.
- पहिल्या दिवशी ठीक, दुसऱ्या दिवशी ओलसर, तिसऱ्या दिवशी आंबूस वास: पुन्हा पाणीच.

समोर फसलेला केक असेल तर त्याचं काय करायचं तेही सांगते. फक्त बुडाशी पट्टा असेल तर तो कापून टाका. वरच्या भागाचे काप तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी कुरकुरीत करा, चहाबरोबर छान लागतात. गाभ्यात ओलं पीठ असेल तर तो भाग खाऊ नका, त्यात कच्चं अंडं आणि कच्चा मैदा आहे. थंड झालेला केक परत ओव्हनमध्ये घालून दुरुस्त होत नाही. पट्टा एकदा धरला की तो तसाच राहतो, वरचा भाग मात्र वाळून जातो.

पहिली तपासणी: केक खरंच कच्चा आहे का?

याला पैसे लागत नाहीत, फक्त धीर लागतो. पाउंड केकमध्ये लोणी भरपूर असतं. गरम असताना ते वितळलेलंच असतं, त्यामुळे गरम कापलेला नीट भाजलेला केकही कच्चा वाटतो. टिनमध्ये १५ मिनिटं, मग जाळीवर निदान दोन तास. मी तर दुसऱ्या दिवशीच कापते. टिनमध्येच गार केला तर वाफ बुडाशी अडकते आणि तळ ओला होतो, म्हणून जाळी हवीच.

सुरी घालून बघण्यावर आंब्याच्या केकात पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. सुरी रसाच्या जाडसर तुकड्यातून गेली तर भाजलेला केकही ओला दाखवते. उलट कडेजवळ टोचली तर कच्चा केकही कोरडा दाखवतो. मधोमध टोचा, दोन ठिकाणी टोचा. पदार्थात खुपसायचा थर्मामीटर असेल तर गाभा ९७-९८ अंश सेल्सियस व्हायला हवा. वरून रंग चढलाय आणि गाभा अजून ९० वर आहे, असं झालं तर वर फॉइल सैल झाका आणि आणखी १०-१५ मिनिटं राहू द्या. निम्मे फोन मी इथेच मिटवले आहेत.

दुसरी तपासणी: वाटीने मोजलंत का?

"एक वाटी मैदा, एक वाटी रस" असं लिहिलेल्या पाककृती घरोघर फिरतात. २४० मिलिलिटरच्या कपात मैदा साधारण १२५ ग्रॅम बसतो, आणि आंब्याचा रस २५० ग्रॅमच्या आसपास. वाटी तीच, वजन दुप्पट. नंतर कितीही नीट भाजला तरी या प्रमाणातून पाउंड केक निघत नाही.

पाउंड केक या नावातच वजन आहे. लोणी, साखर, अंडी, मैदा, प्रत्येकी एक पाउंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. मूळ प्रमाणात दूध नाही, पाणी नाही. ओलावा येतो तो फक्त अंड्यांतून आणि लोण्यातून. घरगुती मापाने सगळं २००-२०० ग्रॅम घेतलं तर अंड्यांत साधारण १५० ग्रॅम पाणी असतं, लोण्यात ३०-३२ ग्रॅम. झाले १८० ग्रॅम. आता यात ताजा रस २०० ग्रॅम घाला. आंब्याच्या रसात चार-पंचमांशाहून जास्त पाणी असतं, म्हणजे आणखी १६०-१६५ ग्रॅम. केकमधलं पाणी जवळजवळ दुप्पट झालं आणि मैदा तेवढाच राहिला. दुधावर केलेला हलका स्पंज एवढं पाणी कदाचित झेपवेल, पाउंड केकमध्ये त्याला जागाच नसते.

जास्तीचं पाणी मैद्यातल्या पिठुळाला, म्हणजे स्टार्चला, मिळालं की काय होतं हे कुरडया केलेल्या घरात समजावून सांगावं लागत नाही. गव्हाचा चीक शिजतो तेव्हा तो जसा चकचकीत आणि चिवट होतो, तसाच बुडाचा पट्टा असतो. जड, ओलं मिश्रण केक धरायच्या आत खाली बसतं आणि तिथेच चिकासारखं शिजतं.

तेव्हा स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या. या सगळ्या खटाटोपात पैसे खर्चायला योग्य अशी पहिली वस्तू तीच.

तिसरी तपासणी: रस

खरा घोटाळा बहुतेक वेळा इथे असतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी ताटलीची परीक्षा. स्टीलच्या कोरड्या ताटलीत चमचाभर रस ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. कडेने पाण्याची झालर सुटली तर तो रस तसाच्या तसा केकमध्ये घालायचा नाही. पायरीचा रस आमरसाला उत्तम, कारण तो पातळ आणि वाहता असतो, पण त्याच कारणाने केकला अवघड. रायवळ आंबा वासाला अप्रतिम, पण रस पाणचट आणि धागे फार, तो गाळूनच घ्यावा लागतो. हापूसचा गर मुळातच दाट, तरी मोसमाच्या शेवटी, पहिले पाऊस लागल्यावर उतरलेल्या फळांत फरक पडलेला मला दर वर्षी जाणवतो. हापूस कापल्यावर आत साका दिसला, म्हणजे तो पांढरट, भुसभुशीत, आंबट भाग, तर तेवढा काढून टाका. साका बाहेरून कळत नाही, म्हणून सगळी फळं कापून बघितल्याशिवाय मिक्सरमध्ये टाकू नका.

आता उपाय. रस आटवा. कोकणात आंब्याचा मावा करतात त्याच वाटेने, फक्त तितका पुढे न्यायचा नाही.

२२० ग्रॅम गाळलेला रस पसरट, जाड बुडाच्या स्टीलच्या किंवा नॉनस्टिक भांड्यात घ्या. लोखंडी कढई नको. आंब्याच्या आंबटपणाने रस काळपटतो आणि लोखंडाची चव उतरते. मध्यम-मंद आचेवर सतत हलवत १५-२० मिनिटं. रस उडतो आणि उडालेला थेंब चांगलाच भाजतो, म्हणून लांब दांड्याचा कालथा घ्या आणि मुलांना ओट्यापासून दूर ठेवा. कालथ्याने तळावर रेघ ओढली की ती दोन-तीन सेकंद तशीच राहायला हवी. मग भांड्यासकट वजन करा. रिकाम्या भांड्याचं वजन आधी लिहून ठेवलेलं असलं की झालं. रस १०० ते ११० ग्रॅम उरायला हवा. तेवढ्यात शंभरेक ग्रॅम पाणी उडून गेलेलं असतं, आणि केकला त्रास देणारं पाणी तेच होतं. आटवलेला रस पूर्ण थंड होऊ द्या. कोमट रस घोटलेल्या लोण्यात पडला की लोणी वितळतं आणि नवीन घोळ सुरू होतो.

आटवल्यावर ताज्या आंब्याचा वास थोडा बदलतो, हे मान्य करायला हवं. माझ्या मते तो तोटा पत्करावा. भाजताना नाजूक वास तसाही उडतोच. ताजी चव हवी असेल तर खायला देताना कापावर चमचाभर ताजा रस घाला, केकच्या आत नको.

माझं बसलेलं प्रमाण असं: लोणी २००, साखर १७०, फोडून मोजलेली अंडी २०० (साधारण चार), मैदा २२०, आटवलेला रस १००, सगळं ग्रॅममध्ये. बेकिंग पावडर एक सपाट छोटा चमचा, वेलदोड्याची पूड पाव चमचा. लोणी खारं असेल तर वेगळं मीठ नाही. १६० अंशांवर ६० ते ७० मिनिटं. दूध अजिबात नाही. मिश्रण दाट वाटलं म्हणून दोन चमचे दूध घालायचा मोह होतो, तो आवरा. कालथ्यावरून ते जडपणे, गोळ्या-गोळ्याने पडलं पाहिजे.

डबाबंद रस वापरत असाल तर डब्यावरचं वाचा. ८५० ग्रॅमच्या डब्यात बहुधा साखर घातलेला रस असतो. तोही आटवावा लागतो, आणि केकमधली साखर कमी करावी लागते. कोकणातून आणलेला तयार मावा असेल तर आटवायचं काम वाचलं, पण त्यात साखर बरीच असते, म्हणून मी पहिल्या वेळी साखर ५० ग्रॅमने कमी धरते. हे गोडीपुरतं नाही. साखर जास्त झाली की मैदा आणि अंडं उशिरा, जास्त तापमानाला धरतं आणि तोवर फुगलेला केक बसतो.

इतर फळांचं थोडक्यात. बरक्या फणसाचा रस आंब्यासारखाच आटवा. अननस बारीक चिरून साखरेत परता, पाणी आटेपर्यंत. संत्र्याच्या केकला रस जवळजवळ लागतच नाही, सगळा वास सालीच्या केशरी किसात असतो. पांढरा भाग तेवढा किसू नका, कडू लागतो.

अंडी न घालता करणाऱ्यांसाठी एक सूचना. अंडं केक धरून ठेवतं. ते नसताना फळाचा रस आणखी जड पडतो. आधी बिनअंड्याचा साधा केक बसवा, मग त्यात ५० ग्रॅम आटवलेल्या रसापासून सुरुवात करा.

चौथी तपासणी: लोणी आणि अंड्यांचं तापमान

"लोणी तासभर बाहेर ठेवा" हे थंड हवेच्या देशातलं वाक्य आहे. मे महिन्यात मुंबई-ठाण्यातल्या स्वयंपाकघरात ३२-३३ अंश असतात आणि तिथे तासाभरात लोण्याचं तूप होऊ लागतं. घोटताना लोण्यात हवा कोंडली जाते ती १८ ते २१ अंशांच्या आसपास. त्याहून मऊ लोणी हवा धरत नाही, मग फुगवायचं सगळं ओझं बेकिंग पावडरवर पडतं.

लोण्याचे तुकडे करा आणि १५-२० मिनिटंच बाहेर ठेवा. बोट दाबल्यावर खळगा पडावा, पण बोटाला चकाकी येऊ नये. घोटताना भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवलं तर फार मदत होते. अंडी मात्र फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा. गार अंडं पडलं की लोणी आखडतं आणि मिश्रण दही फुटल्यासारखं दिसतं. फुटलेल्या मिश्रणातलं सुटं पाणी खाली उतरतं, म्हणजे पुन्हा तोच पट्टा. अंडी एकेक करून घाला. फुटायला लागलं तर त्याच मोजलेल्या मैद्यातला एक चमचा टाकून घोटा, मिश्रण परत सांधतं.

मैदा घातल्यावर मिक्सर बंद. कालथ्याने खालून वर, मैदा दिसेनासा होईपर्यंतच.

पाचवी: बेकिंग पावडर आणि टिन

पाव कप गरम पाण्यात अर्धा चमचा बेकिंग पावडर टाका. लगेच फसफसली तर चांगली, रेंगाळली तर नवा डबा आणा. दमट हवेत डबा उघडा राहिला की ती लवकर मरते. केक फुगत नाही म्हणून चमचे वाढवू नका. जास्त पावडरीने केक आधी उंच जातो आणि मग मधे खचतो. खायचा सोडा या केकात मी घालत नाही, चवीला साबणासारखा उतरतो.

टिनमध्ये पाणी भरून किती मावतं ते मोजा. वरच्या प्रमाणाला दीड ते दोन लिटरचं लोफ टिन हवं. मिश्रण दोन-तृतीयांशाच्या वर जाऊ नये. अरुंद, खोल टिनात गाभ्यापर्यंत उष्णता उशिरा पोचते. काळ्या टिनात कडा लवकर करपतात, तेव्हा तापमान १० अंश कमी ठेवा.

सहावी: ओव्हन

इथपर्यंत सगळं ठीक आहे आणि तरी केक फसतोय, तर आता ओव्हनकडे वळा.

आधी जागा बघा. टिन ओव्हनच्या मध्यावर यायला हवं, जाळी नव्हे. उंच लोफ टिन असेल तर जाळी मधल्या खाचेच्या खाली लावा. वरची-खालची दोन्ही कांडी, म्हणजे तापणाऱ्या सळ्या, चालू ठेवून निदान १५-२० मिनिटं तापवा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवरच आहे ना, ते बघा.

मग साखरेची परीक्षा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवा, ओव्हन १७५ वर लावून नीट तापू द्या आणि १५ मिनिटं बघा. साखर वितळली तर ओव्हन आकड्यापेक्षा जास्त तापतोय. मग दुसरी साखर घेऊन १९० वर तेच. वितळली नाही, तर कमी तापतोय. ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घेतलात तर नेमका फरक कळेल. १०-२० अंशांचा फरक असलेले ओव्हन सर्रास असतात. त्यासाठी दुरुस्ती नको, बटण तेवढं मागे-पुढे लावायचं आणि ओव्हनवर चिकटपट्टीने लिहून ठेवायचं.

गावाकडे, विशेषतः उन्हाळ्यात, आणखी एक कारण असतं: कमी दाबाची वीज. कांडीची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टऐवजी २०० मिळत असतील तर कांडी तीन-चतुर्थांश ताकदीनेच तापते. माझ्या माहेरी, कोकणात, संध्याकाळी केक हमखास फसायचा आणि सकाळी तोच केक त्याच ओव्हनमध्ये नीट व्हायचा. तिथे सकाळी लवकर भाजणं आणि तापवायचा वेळ दुप्पट करणं एवढंच पुरलं. भाजताना वीज गेली तर दार उघडू नका. दहा मिनिटांत परत आली तर केक बहुधा वाचतो.

प्लगही बघा. १५०० वॉटचा ओव्हन साडेसहा अँपिअर ओढतो, २००० वॉटचा जवळपास नऊ. तो ६ अँपिअरच्या छोट्या प्लगला किंवा एक्स्टेन्शन बोर्डला लावायचा नाही. मोठा, १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला प्लगच हवा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पुढचं काहीही दिसलं तर केकची चिंता सोडा, ओव्हन बंद करा, प्लग काढा आणि परत लावू नका: ओव्हनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या. ओव्हन लावला की दर वेळी एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारा खटका, पडणं. प्लग किंवा वायर हाताला गरम लागणं, जळका वास, प्लगवर काळा डाग. दाराच्या काचेला तडा. आकडा कमी केला तरी कांडी लाल राहणं, बंदच न होणं.

यातल्या प्लग, वायरिंग, अर्थिंग आणि एमसीबीच्या गोष्टींसाठी परवानाधारक वायरमन बोलवा. कांडी एका बाजूने लाल होत नसेल, थर्मोस्टॅट ३० अंशांहून जास्त चुकत असेल, किंवा दाराची फट राहत असेल, तर कंपनीच्या सेवा केंद्राचा माणूस. बिघाडाच्या बाजूचे स्क्रू स्वतः उघडू नका. वॉरंटी तर जातेच, शिवाय आतली वायर सैल होऊन पत्र्याला लागली तर ओव्हनच्या अंगात करंट उतरतो. वायरमन आला की त्याला अर्थिंग मीटरने तपासायला सांगा आणि तो तपासत असताना शेजारी उभ्या राहा. जुन्या इमारतींत प्लगला तिसरं भोक असतं पण त्यामागे वायरच नसते, हे मी दोन घरांत पाहिलं आहे.

दुरुस्तीनंतरचा पहिला केक आंब्याचा करू नका. साधा करा, साखरेची परीक्षा पुन्हा घ्या, आणि मग रस आटवायला ठेवा.